विश्लेषण : स्मारकावर नाव की फक्त आकडा? युद्धात गेलेल्या सैनिकांना आपण कसं लक्षात ठेवतो?

सातारा तालुक्यात एक गाव आहे, ज्याच्या नावातच ‘मिलिटरी’ हा शब्द आहे. अपशिंगे मिलिटरी. गावातल्या बहुतेक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी सैन्यात गेलेलं आहे. पहिल्या महायुद्धात या गावाचे ४६ जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटिशांनी गावात स्मारक उभारलं, असं गावाच्या इतिहासात सांगितलं जातं.

४६ हा आकडा बातम्यांमध्ये, भाषणांमध्ये, लेखांमध्ये नेहमी येतो. त्या ४६ जणांची नावं मात्र क्वचितच येतात.

हे फक्त एका गावाचं नाही. युद्धात गेलेल्या माणसाची आठवण नावानं ठेवायची की संख्येनं, हा प्रश्न शंभर वर्षांपासून वादाचा आहे. त्यावरून एका आंतरराष्ट्रीय संस्थेला २०२१ मध्ये जाहीर माफी मागावी लागली. दिल्लीत अमर जवान ज्योत हलवण्यावरून झालेल्या वादातही एक मुद्दा हाच होता : कोणत्या भिंतीवर कोणाची नावं आहेत?

महाराष्ट्रात ही परंपरा किती जुनी आहे?

इंग्रजांच्या कितीतरी आधीची. गावाच्या वेशीवर, शंकराच्या देवळामागे किंवा पिंपळाच्या पारावर शेंदूर फासलेले उभे दगड अनेकांनी पाहिले असतील. त्यातले बरेचसे वीरगळ असतात. लढाईत किंवा गावाची गुरं वाचवताना मेलेल्या माणसाचं हे स्मारक.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खाली पडलेला वीर किंवा लढाईचा प्रसंग. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेताना दिसतात. त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर चंद्र-सूर्य आणि कलश. चंद्र-सूर्य असेपर्यंत ही कीर्ती टिकेल, असा त्याचा अर्थ. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरमधल्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे.

पण महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नाही. कर्नाटकात लेख असलेले वीरगळ मोठ्या संख्येनं सापडतात, आपल्याकडे कमी. गावाला माहीत होतं की हा दगड कोणाचा, म्हणून लिहिण्याची गरज वाटली नसावी. माहीत असणारी माणसं गेली आणि वीर कोण होता हे विसरलं गेलं. दगडाचा देव झाला, काही ठिकाणी पायरी झाली.

घराघरांतही ही आठवण होती आणि आहे. नाशिकमध्ये धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते. घराण्यातल्या वीराचा टाक देव्हाऱ्यातून बाहेर काढून वाजतगाजत गोदावरीवर नेला जातो. पितृपक्षातल्या चतुर्दशीसमोर पंचांगात ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असं छापलेलं असतं. म्हणजे शस्त्रानं किंवा अपघातानं मेलेल्यांसाठी वर्षातला एक दिवस परंपरेनं आधीच राखून ठेवलेला आहे.

मग नावांऐवजी आकडे कधी आले?

पहिल्या महायुद्धानंतर. १९१४ ते १९१८ या काळात भारतातून १३ लाखांहून अधिक माणसं या युद्धात गेली. त्यात सैनिक होते, तसेच खेचरं हाकणारे, स्वयंपाकी, भिश्ती आणि मजूरही होते. सुमारे ७४ हजार परतले नाहीत.

युद्ध संपल्यावर ज्या गावांतून जास्त भरती झाली, तिथे सरकारनं संगमरवरी पाट्या बसवल्या. त्यांचा मजकूर जवळजवळ सारखाच असे : या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गाव आणि दोन आकडे. जुन्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत अशा पाट्या आजही दिसतात.

गावात कोणाचा मुलगा गेला हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे तेव्हा हे कोणाला खटकलं नसेल. शंभर वर्षांनी मात्र पाटी वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. वीरगळाचं जे झालं, तेच पाटीचंही झालं.

बसऱ्याच्या स्मारकाचा वाद नेमका काय आहे?

पहिल्या महायुद्धात भारतीय सैन्य सर्वांत मोठ्या संख्येनं लढलं ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथल्या मोहिमेत सहावी पुणे डिव्हिजन पुढे होती. डिसेंबर १९१५ मध्ये ही फौज कुत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. अन्न संपलं, घोडे आणि खेचरं मारून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ रोजी फौजेनं शरणागती पत्करली. त्यानंतरच्या कैदेत आणि वाळवंटातल्या पायपिटीत हजारो मेले.

या मोहिमेत मेलेल्या आणि ज्यांची थडगी माहीत नाहीत, अशा ४० हजारांहून अधिक जणांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याजवळ स्मारक उभं राहिलं. ब्रिटिश सैनिकाचं नाव कोरलं गेलं, मग तो अगदी साधा शिपाई असला तरी. भारतीय पलटणींमधल्या अधिकाऱ्यांचीही नावं आली. साध्या भारतीय जवानांच्या वाट्याला मात्र पलटणीचं नाव आणि त्याखाली मेलेल्यांची संख्या एवढंच आलं.

हे स्मारक बांधणारी संस्था म्हणजे १९१७ मध्ये स्थापन झालेलं इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. हुद्दा, वंश किंवा धर्म यांवरून मृतांमध्ये भेद करायचा नाही, हे तिचं घोषित तत्त्व होतं. फ्रान्समध्ये ते पाळलंही गेलं. तिथल्या नव शापेल या गावातल्या भारतीय स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं आहेत. त्यात साधे शिपाई आहेत आणि मजूरही आहेत.

म्हणजे सैन्य तेच, हुद्दा तोच. फ्रान्समध्ये मेलेल्याला नाव मिळालं आणि इराकमध्ये मेलेल्याला मिळालं नाही.

हा फरक का झाला? त्याची दखल कधी घेतली गेली?

युरोपबाहेरच्या सैनिकांच्या कुटुंबांना वैयक्तिक स्मारकाचं महत्त्व वाटणार नाही, त्यांचे नातेवाईक इतक्या लांब येणार नाहीत, हिंदूंमध्ये दहन होतं तेव्हा थडग्याचा प्रश्नच कुठे येतो, अशी कारणं तेव्हाच्या अधिकाऱ्यांच्या विचारांत होती. खर्च आणि अपुऱ्या नोंदी ही आणखी दोन कारणं.

या संस्थेचं आजचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. तिनं नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये आला. किमान ४५ ते ५४ हजार मृतांचं स्मरण इतरांच्या तुलनेत असमान पद्धतीनं झालं आणि त्यात भारतीय, आफ्रिकी, इजिप्शियन मोठ्या संख्येनं होते, असं त्यात म्हटलं होतं. याशिवाय किमान १ लाख १६ हजार आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांची नोंद नावानिशी झालीच नाही किंवा अजिबातच झाली नाही, असंही अहवालानं मान्य केलं. यामागे त्या काळातले वांशिक पूर्वग्रह होते, हा अहवालाचा निष्कर्ष. कमिशननं माफी मागितली. २२ एप्रिल २०२१ रोजी ब्रिटनचे तेव्हाचे संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांनीही संसदेत दिलगिरी व्यक्त केली.

बसऱ्याचं स्मारक १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या आदेशानं मूळ जागेवरून सुमारे ३२ किलोमीटर लांब हलवण्यात आलं. तिथे पोहोचणं अवघडच आहे. भारतीय जवानांची नावं असलेली यादी मात्र तयार आहे. ती कमिशनच्या इंग्लंडमधल्या मुख्यालयात ठेवलेली आहे आणि नोंदी ऑनलाइन शोधता येतात.

नावं असली तर काय फरक पडतो?

याचं उत्तर पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर पेरणे गावात मिळतं. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीनं हा स्तंभ बांधला. उद्देश उघड होता : पेशव्यांच्या फौजेसमोर आपली तुकडी टिकून राहिली हे दाखवणं.

पण कंपनीनं त्या स्तंभावर मृत सैनिकांची नावं कोरली. त्यातली अनेक नावं ‘नाक’ या प्रत्ययानं संपतात. महार समाजातल्या पुरुषांच्या नावांपुढे तेव्हा हा प्रत्यय लागत असे. स्तंभावरच्या ४९ मृतांपैकी २२ जण महार होते, अशी मोजणी सर्वसाधारणपणे दिली जाते.

ज्या सैन्यात त्यांनी पराक्रम केला, त्याच सैन्यानं पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला महारांची भरती बंद केली. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज-विनंत्या झाल्या, तेव्हा दगडावरची ही नावं पुरावा म्हणून कामी आली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभापाशी आले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बोधचिन्हावर हाच स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो काढण्यात आला.

आज दर १ जानेवारीला लाखो लोक इथे येतात. लढाईचा अर्थ काय लावायचा यावर इतिहासकारांत आणि राजकारणात मतभेद आहेत. २०१८ मध्ये, लढाईला दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, इथे हिंसाचार झाला आणि एकाचा जीव गेला. तरी एक गोष्ट स्पष्ट दिसते. बांधणाऱ्यानं स्तंभाला दिलेला अर्थ मागे पडला आणि नावांमध्ये आपले पूर्वज ओळखणाऱ्यांनी त्याला नवा अर्थ दिला. तिथे फक्त आकडा असता, तर हे घडलंच नसतं.

नावं नंतर जोडता येतात का?

येतात. इंग्लंडमधल्या ब्रायटन शहराजवळच्या टेकडीवर पांढऱ्या संगमरवराची एक छत्री आहे. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या भारतीय सैनिकांवर ब्रायटनच्या रुग्णालयांत उपचार व्हायचे. तिथे मरण पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन या टेकडीवर झालं. १९२१ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली, पण तिच्यावर नावं नव्हती.

१९९९ पर्यंत ब्रिटनमधली माजी सैनिकांची संघटना इथे दरवर्षी कार्यक्रम करायची. ती थांबल्यावर तिथल्या भारतीय वंशाच्या रहिवाशांनी तो आपल्या हाती घेतला. दर जूनमध्ये लोक टेकडी चढून जातात आणि पुष्पचक्रं वाहतात. २०१० मध्ये, म्हणजे छत्री उभी राहिल्यावर ८९ वर्षांनी, शेजारी एक भिंत उभारून तिच्यावर ५३ जणांची नावं कोरण्यात आली.

मुंबईतही अशी एक जागा आहे, तिच्याबद्दल मुंबईकरांनाही फारसं ठाऊक नसतं. मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात मेलेल्या २ हजारांहून अधिक खलाशांची नावं आहेत. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर तेव्हा कोकणातले खलाशी मोठ्या संख्येनं असायचे. इथे नावं आहेत, पण ब्रायटनसारखी दरवर्षी येणारी माणसं नाहीत. त्यामुळे स्मारक असूनही विस्मरणात गेलं आहे.

दिल्लीतला वाद कशाबद्दल होता?

१९३१ मध्ये उद्घाटन झालेलं इंडिया गेट हे पहिल्या महायुद्धात आणि १९१९ च्या अफगाण युद्धात मेलेल्यांचं स्मारक. त्याच्या भिंतींवर १३ हजारांहून अधिक नावं आहेत. बांगलादेश मुक्तीच्या युद्धानंतर २६ जानेवारी १९७२ रोजी इंदिरा गांधींनी त्याच्या कमानीखाली अमर जवान ज्योतीचं उद्घाटन केलं. उलटी रोवलेली रायफल, तिच्यावर हेल्मेट आणि शेजारी सतत तेवणारी ज्योत. पण ज्या सैनिकांसाठी ज्योत पेटली, त्यांची नावं तिथे नव्हती. नावं होती ती ब्रिटिशांच्या बाजूनं लढलेल्यांची.

स्वतंत्र भारताच्या सैनिकांसाठी वेगळं स्मारक हवं, ही मागणी कित्येक दशकं होती. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी इंडिया गेटजवळच राष्ट्रीय युद्ध स्मारकाचं उद्घाटन झालं. एकात एक चार वर्तुळं, त्यातल्या ‘त्याग चक्रा’च्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या पाट्या आणि प्रत्येक पाटीवर एका सैनिकाचं नाव. उद्घाटनावेळी २५,९४२ नावं होती. श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेतले जवानही त्यात आहेत. त्यांच्या नावांचं स्मारक कोलंबोजवळ आधी झालं, दिल्लीत नंतर.

२१ जानेवारी २०२२ रोजी अमर जवान ज्योत या नव्या स्मारकाच्या ज्योतीत विलीन करण्यात आली. विरोधकांनी आणि काही माजी सैनिकांनी टीका केली : पन्नास वर्षं लोकांच्या मनात असलेली जागा का बदलायची? दुसऱ्या बाजूनं उत्तर आलं : जिथे शहिदांची नावं आहेत तिथेच ज्योत असावी.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होतं. नाव महत्त्वाचं, तशीच लोकांची सवयही महत्त्वाची. एका पिढीनं आईवडिलांचं बोट धरून जी ज्योत पाहिली, तिच्याशी तिचं नातं जडलेलं होतं. नव्या स्मारकात रोज संध्याकाळी एखाद्या सैनिकाच्या कुटुंबीयांच्या हस्ते पुष्पचक्र वाहिलं जातं. नवी सवय घडवण्याचा हा एक मार्ग आहे.

गावात हे सगळं कसं घडतं?

आज सीमेवर जवान गेला की पार्थिव गावात येतं. रस्त्यावर रांगोळ्या, बंद दुकानं, शाळेच्या पोरांची रांग, ‘अमर रहे’च्या घोषणा, हवेत बंदुकीच्या फैरी, बिगुल, आणि घडी घालून पत्नीच्या किंवा आईवडिलांच्या हाती दिलेला तिरंगा. हे चित्र कायमच असंच होतं असं वाटतं, पण ते तसं नाही.

१९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत बहुतेक सैनिकांवर अंत्यसंस्कार आघाडीजवळच झाले. घरी यायची ती तार, नंतर अस्थी किंवा कपड्यांची पेटी. १९९९ च्या कारगिल युद्धात ५२७ जवान गेले आणि तेव्हा पहिल्यांदाच पार्थिवं मोठ्या प्रमाणावर त्यांच्या गावी पाठवण्यात आली. टीव्हीवर युद्ध दिसत होतंच, आता ते गावच्या स्मशानापर्यंत आलं. गावोगावची पुतळ्यांची, चौथऱ्यांची, कमानींची आणि शाळेला नाव देण्याची पद्धत त्यानंतर जास्त रुजली.

यात एक फरक कुटुंबांना जाणवतो. सरकारी स्मृतिदिन तारखेनं येतो, घरचं वर्षश्राद्ध तिथीनं. पहिल्या वर्षी दोन्हीकडे गर्दी असते. पाचव्या वर्षी तारखेला ग्रामपंचायतीचा हार असतो आणि तिथीला घरची चार माणसं. दहाव्या वर्षी पुतळ्याभोवतीचं गवत कोणी काढायचं, हा प्रश्न येतो. पुतळा लोकवर्गणीतून उभा राहतो, त्याच्या देखभालीची तरतूद मात्र सहसा कोणी करत नाही.

शब्दांचाही घोळ आहे. गाव ‘शहीद’ म्हणतं, वर्तमानपत्र ‘हुतात्मा’ किंवा ‘वीरमरण’ लिहितं. सरकारनं मात्र संसदेत अनेकदा स्पष्ट केलं आहे की ‘शहीद’ ही सैन्यदलांतली अधिकृत संज्ञा नाही. कागदावर मृत्यूचे प्रकार ठरलेले असतात आणि कुटुंबाला मिळणारं पेन्शन त्या प्रकारावर ठरतं. त्यामुळे ज्याला गावानं शहीद मानलं, त्याच्या घरच्यांना कागदावर वेगळी वर्गवारी दिसू शकते.

घरातल्या सैनिकाचं नाव कसं शोधायचं?

‘पणजोबा मोठ्या लढाईत गेले ते आलेच नाहीत’ एवढंच अनेक घरांत माहीत असतं. त्यापुढे जाण्यासाठी काही सोपे मार्ग आहेत.

• पदकाची कड पाहा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. भिंगातून वाचता येते.

• ऑनलाइन नोंदी शोधा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर मोफत शोध घेता येतो. अनेक नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो.

• स्पेलिंग बदलून पाहा. कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलेलं असू शकतं. आडनाव सापडलं नाही तर पलटण आणि गावाच्या नावावरून शोधा.

• जुने जिल्हे लक्षात ठेवा. आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि रायगडचं नाव कुलाबा होतं.

• गावातली पाटी वाचा. तिच्यावरचा आकडा आणि सापडलेली नावं जुळवून पाहता येतात.

शेवटचं काम एखादी शाळा किंवा ग्रामपंचायतही करू शकते. त्यासाठी नवा पुतळा लागत नाही. जुन्या संगमरवरी पाटीवर ‘इतके गेले, इतके मेले’ असं आहे, तिच्याखाली सापडतील तेवढ्या नावांची एक साधी पाटी लावली, तरी शंभर वर्षांपूर्वी राहून गेलेलं काम थोडं पुढे सरकेल. ब्रायटनमध्ये ८९ वर्षांनी ते झालं. गावात तर त्या नावांची घरं अजून तिथेच आहेत.